७२ तासांचा मोह



मोतीबिंदूवर बोललो असतो, तर मागच्या रांगाही भरल्या असत्या. तरी अध्यक्ष म्हणून मिळालेली ही वेळ मी टोलोसा-हंट सिंड्रोमला देणार आहे. दहा लाखांत वर्षाला एखादा रुग्ण, असा त्याचा अंदाज सांगितला जातो. तुमच्यापैकी अनेकांना उभ्या कारकिर्दीत एक-दोनच दिसतील.

रुग्ण येतो तो एका डोळ्यामागच्या दुखण्यानं हैराण होऊन. तोवर कुणी मायग्रेन म्हटलेलं असतं, कुणी सायनस, कुणी दाढ काढून मोकळं झालेलं असतं. मग पापणी उतरते, एकाचे दोन दिसू लागतात, कधी त्या बाजूचं कपाळ बधिर होतं. डोळा हलत नाही, पण स्नायू बहुधा शाबूत असतात. बिघाड असतो मागे, कॅव्हर्नस सायनसमध्ये. सुमारे दोन सेंटिमीटर लांबीच्या त्या जागेतून कॅरॉटिड धमनी जाते. तिसरी, चौथी, सहावी नर्व्ह जाते आणि पाचवीच्या शाखाही. तिथे ग्रॅन्युलोमाची सूज आली की सगळ्यांचीच कोंडी होते.

बार्सिलोनाच्या एदुआर्दो टोलोसांना १९५४ साली ज्या रुग्णात धमनीच्या फुग्याचा संशय होता, तो शस्त्रक्रियेनंतर दगावला. शवविच्छेदनात फुगा निघालाच नाही. कॅरॉटिडभोवती सुजेच्या ऊतींचं वेष्टन निघालं. १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम हंट आणि सहकाऱ्यांनी असे सहा रुग्ण मांडले आणि स्टिरॉइडचा गुण दाखवून दिला. (कानावर नागीण उठून चेहरा लुळा पडतो, त्या आजाराचे रॅम्से हंट वेगळे. परीक्षेत दोघांची अदलाबदल अजून होते.)

स्टिरॉइडचा हा गुण विलक्षण आहे. रात्र रात्र न झोपलेला माणूस दोन-तीन दिवसांत हसत समोर बसतो. नर्व्ह सुधारायला आठवडे लागतात, पण दुखणं पळतं. म्हणूनच २००४ च्या आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणात ‘७२ तासांत आराम’ ही निदानाची अटच होती. पुढच्या आवृत्तीत ती वगळली, आणि माझ्या मते योग्य केलं. आता एमआरआय किंवा बायॉप्सीचा पुरावा लागतो. आपल्या ओपीडीत मात्र ती जुनी अट अजून ठाण मांडून आहे: स्टिरॉइड द्या, बरं वाटलं तर टोलोसा-हंट!

लिम्फोमातही स्टिरॉइडनं बरं वाटतं. तो काही काळ विरघळतो, नंतर बायॉप्सी घ्यावी तर हाती काही लागत नाही, आणि काही महिन्यांनी दुप्पट जोमानं परततो. क्षयाची गाठही अशीच फसवू शकते. पण महाराष्ट्रात बसून मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती म्युकरची. २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी ते पाहिलं: मधुमेह, स्टिरॉइड आणि काळी बुरशी. त्यातही डोळा दुखतो, पापणी उतरते, गाल बधिर होतो. तिथे बुरशीचं औषध आणि शस्त्रक्रिया सोडून नुसतं स्टिरॉइड दिलं, तर आपणच बुरशीला रान मोकळं करून देतो. करोना ओसरला, मधुमेह कुठे ओसरलाय?

तेव्हा पहिला डोस देण्यापूर्वी साखर बघा, टाळू बघा, नाकात दुर्बीण घालायला ईएनटीच्या सहकाऱ्याला बोलवा आणि कॉन्ट्रास्टसह एमआरआय करा. तालुक्याच्या गावी हे एका दिवसात होत नाही, ठाऊक आहे. धमनीचा फुगा किंवा बुरशी यांची शंका असेल, तर रुग्णाला तडक मोठ्या केंद्राकडे धाडा. बाकी वेळी वेदनाशामक देऊन एमआरआयपर्यंत एखादा दिवस काढता येतो.

आणि बरं वाटलं म्हणून फाइल बंद करू नका. जवळपास निम्म्या रुग्णांना हा त्रास पुन्हा होतो, कधी दुसऱ्या बाजूला. डिस्चार्ज कार्डावर ‘टोलोसा-हंट, संभाव्य’ असं लिहा, पुढच्या एमआरआयची तारीख घाला आणि जुन्या फिल्म जपून ठेवायला घरच्यांना सांगा. दोन वर्षं असे रुग्ण नजरेखाली ठेवायचे आणि पुढच्या परिषदेत एकत्र मांडायचे, असा ठराव मी आज कार्यकारिणीपुढे ठेवतो आहे.