वाटण्यापूर्वी वाचावे
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘उद्योग आणि वाचन’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला. मॅट्रिक होऊन आम्ही शिक्षकी पेशात शिरलो आणि सारा जन्म खडू-फळ्यात गेला. ज्याने आयुष्यात एक बटणही विकले नाही, त्याने व्यापारावर काय बोलावे? परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडली आहे. ती आपणांस सांगणे हे आम्ही कर्तव्य समजतो.

आपल्या शिंपी समाजाचा धंदा तयार कपड्यांच्या बाजाराने किती आक्रसला, हे येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहे. म्हणून तरुणांनी नव्या वाटा शोधाव्यात, अशी आम्हां वडीलधाऱ्यांची तळमळ असते. हल्ली हातातील फोनवर धंद्याविषयी वाचावयास पुष्कळ मिळते. भांडवल कसे उभारावे, जाहिरात कशी करावी, गिऱ्हाईक कसे जोडावे, आपल्या कामाविषयी ब्लॉग कसा लिहावा, अशा लेखांची नित्य नवी भर पडत असते. सेवानिवृत्तीनंतर आम्हांस त्याचा छंद लागला. सकाळी चहा घेता घेता मथळा वाचावा, बरा वाटला की नातलगांस पाठवून द्यावा, आणि विद्यादान केल्याचे समाधान मानावे, असा आमचा क्रम होता.

आमची एक भाची नऊवारी साड्या शिवून देते. तयार काष्ट्याची शिवलेली नऊवारी आज लग्नकार्यात सर्वत्र दिसते. तिचे काम सुबक आणि दोन-चार गावांतून मागणी. तिला आम्ही एक लेख पाठविला. धंदा थोड्या अवधीत दुप्पट कसा करावा, असा त्याचा मथळा होता. तिने तो मनावर घेतला. पाटल्या गहाण ठेवून दुसरे यंत्र घेतले, मदतीस एक बाई ठेवली आणि फोनवरून जाहिरात केली. मागणी खरोखरच वाढली. परंतु लांबच्या गिऱ्हाइकांनी कळविलेली मापे चुकीची असत. पाचांतील एक साडी दुरुस्तीस परत येऊ लागली. ऐन लग्नसराईत दोन नवऱ्यामुलींच्या साड्या वेळेवर पोहोचल्या नाहीत, पैसे परत करावे लागले आणि बोल ऐकावे लागले ते निराळेच.

त्या दिवाळीत ती माहेरपणास आली असता आम्ही सवयीने आणखी एका लेखाची गोष्ट काढली. ती शांतपणे म्हणाली, “मामा, तुम्ही पाठवलेला तो पहिला लेख तुम्ही स्वतः शेवटपर्यंत वाचला होता का?”

बंधुभगिनींनो, पस्तीस वर्षे आम्ही मुलांस हाच प्रश्न विचारीत आलो. त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही.

त्याच रात्री आम्ही तो लेख प्रथमच पुरता वाचला. ‘मागणी वाढविण्यापूर्वी एका नगाचा खर्च काढा,’ अशा अर्थाची सूचना त्यात अगदी शेवटी होती. तिच्या हातांत तो शेवट पोहोचला नव्हता, कारण आमच्याही हातांत पोहोचला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वही घेऊन बसलो. एका साडीची शिलाई ती ७०० रुपये घेई. अस्तर, दोरा, नाडी व वेष्टन मिळून १८० रुपये. मदतनीस बाईचे १५०. जागाभाडे व वीज यांचा वाटा ७०. उरले ३०० रुपये, आणि काम सहा तासांचे. म्हणजे तासाला ५० रुपये. त्यात परत आलेल्या साडीचे दोन-दोन तास धरलेच नव्हते. हा हिशेब तिने पूर्वी कधीच मांडला नव्हता, आणि आम्हीही तो कधी विचारला नव्हता.

त्यानंतर आमच्या वाचनास वळण लागले. जाहिरात म्हणजे केवळ आपल्या मालाची स्तुती नव्हे, हे आम्हांस आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात आढळले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढले. कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेणाऱ्या त्या छोट्या पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ हे नामांकित मासिक झाले. योगायोग असा की, अमेरिकेत नांगरच बनविणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे पत्र सुरू केले होते. फरो म्हणजे नांगराचे तास. गिऱ्हाइकास उपयोगी पडेल असे काही आधी द्यावे, मग त्याचा विश्वास बसतो, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी दिसते.

भाचीने तोच धडा गिरविला. नऊवारीसाठी कंबर, सीट आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची घरच्या घरी टेपने कशी घ्यावी, टेप किती सैल धरावी, लग्नात जी चप्पल घालावयाची ती घालूनच उंची का मोजावी, हे तिने सोप्या मराठीत लिहून काढले, चित्रे जोडली आणि सर्वांस वाचावयास मोकळे ठेवले. घरातील एक वृद्ध कारागीर रागावले. “पिढ्यान् पिढ्यांचे माप तू चव्हाट्यावर मांडलेस!” असे म्हणाले. त्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. दोघी-तिघींनी ते वाचून स्वतःच शिवावयास घेतले. परंतु मापे बिनचूक येऊ लागली, दुरुस्तीस येणाऱ्या साड्या क्वचितच उरल्या आणि शिलाईत शंभर रुपयांची वाढ गिऱ्हाइकांनी कुरकुर न करता मान्य केली. पाटल्या अद्याप पुरत्या सुटलेल्या नाहीत. एक सुटली आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण दुप्पट होण्याच्या गोष्टी आपण फार ऐकतो.

तेव्हा आमची संघास नम्र विनंती आहे. संघाच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी सायंकाळी धंदा करणाऱ्या मंडळींनी जमावे. ज्याने लेख आणला त्याने तो प्रथमपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा. त्यातील एकच गोष्ट महिनाभर करून पाहावी आणि पुढील बैठकीत फायदा अथवा तोटा, जो झाला असेल तो, आकड्यांनिशी सांगावा. तोटा सांगणाऱ्यास कोणी हसू नये. त्याच्या सांगण्याने दुसऱ्याचे पैसे वाचतील. ज्यांस दुकान सोडून येणे शक्य नसेल, त्यांच्याकडे टिपण पोहोचविण्याचे काम आम्ही सेवानिवृत्तांनी पत्करावे. आम्हांस वेळ आहे, आणि अक्षरही बरे आहे.

पहिल्या बैठकीत तोच लेख वाचण्याची अनुज्ञा आम्हांस मिळावी. या वेळी आम्ही तो शेवटपर्यंत वाचून येऊ.