शिट्टी कुणाच्या हातात?

(महिला मेळाव्यातील भाषण)



आज मी कॅनडातल्या एका बाईविषयी बोलणार आहे. मारी-फ्रान्स दुब्रय, मॉन्ट्रियलची. तिचा खेळ आइस डान्स, म्हणजे स्केट बांधून बर्फावर जोडीने करायचे नृत्य. यात पावलांचा ताल, वेग आणि जोडीतला मेळ यांना गुण असतात. बहुधा पुरुष उचलतो आणि बाई उचलली जाते. तिने नाजूक दिसायचे असते. पण हवेत शरीर ताणून धरायची ताकद तिचीच असते आणि हात सुटला तर आदळते तेही तिचेच शरीर.

२००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये हेच घडले. जोडीदार पात्रिस लोझाँच्या हातून ती निसटून पडली. दोघांना माघार घ्यावी लागली. पुढच्याच महिन्यात कॅलगरीच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले, २००७ मध्ये टोकियोला पुन्हा. ऑलिम्पिक पदक मात्र मिळाले नाही.

पुढे या दोघांनी मॉन्ट्रियलमध्ये प्रशिक्षण देणे सुरू केले. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिम्पिकमध्ये आइस डान्सचे सुवर्ण आणि रौप्य, दोन्ही पदके त्यांच्याच शिष्यांनी मिळवली. २०२२ ला बीजिंगमधले सुवर्णही त्यांच्याकडेच आले. इतक्या वर्षांच्या कष्टांतून, पडण्याउठण्यातून अंगात मुरलेले ज्ञान तिचा व्यवसाय झाले, त्याला मोल आणि मान मिळाला.

किती जणींच्या वाट्याला हे येते? २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जवळपास ४८ टक्के खेळाडू स्त्रिया होत्या. प्रशिक्षकांत त्या होत्या फक्त १३ टक्के. म्हणजे बाईने घाम गाळावा, पण काय आणि कसे शिकवायचे हे पुरुषाने ठरवावे!

रूढी माणसांनी घातलेल्या असतात, त्या माणसांना बदलताही येतात. कॅनडाच्या स्केटिंग संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये देशांतर्गत स्पर्धांसाठी जोडीची व्याख्याच बदलली. एक पुरुष आणि एक स्त्री ही अट गेली. कोणतेही दोन स्केटर म्हणजे जोडी. आता दोन मुलीही एकत्र उतरू शकतात.

आपल्या गावात, वस्तीत मुलींचे कबड्डी-खोखोचे संघ आहेत. तिथे गेलात की एवढेच विचारा, शिट्टी कुणाच्या हातात आहे? लग्नानंतर मैदान सुटलेल्या आपल्या जुन्या खेळाडू कुठे आहेत? त्यांना शोधू या, मानधनावर परत बोलावू या. फुकटची सेवा म्हणून नको. ते त्यांचे काम आहे.