आठाचा पाढा



डहाणूत आपणा सर्वांचं मनापासून स्वागत. काही जण रात्रभराचा प्रवास करून पहाटे स्टेशनवर उतरलात. आमच्या कार्यकर्त्यांनी धावपळ करून सोय केली आहे, तरी कुठे काही कमी पडलं तर हक्कानं सांगा.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे वाड्या-पाडे, असा हा आमचा तालुका. बाहेर तो चिकूसाठी आणि वारली चित्रांसाठी ओळखला जातो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी तांदळाच्या पिठानं काढलेली चित्रं जगभर गेली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण शिक्षकांचं संमेलन इथे भरतं आहे, म्हणून मला आज बोलायचं आहे ते बोर्डी आणि कोसबाडबद्दल, आणि माझ्या बाईंबद्दल.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचं मोठं काम केलं होतं आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला होता. एवढं पदरी असताना त्यांनी खेड्याची वाट धरली. पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ त्यांना इथे मिळाल्या. अनुताई बालविधवा. ज्या काळात अशा मुलीचं आयुष्य चार भिंतींत संपायचं, त्या काळात त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पुढे १९९२ साली कोसबाडलाच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुलं काही तिकडे फिरकेनात. मग या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि हे नाव देशभर पोचलं. त्याच्या कितीतरी आधी, १९५७ साली, काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आलं होतं, वारली मुलांमध्ये. इथली मुलं दिवसभर गुरांमागे. मग शाळा गुरांमागे कुरणात गेली, तिला नाव पडलं कुरणशाळा. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी आले शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पानं, बांबूच्या कांड्या. सगळं फुकट आणि सगळं मुलांच्या ओळखीचं.

माझ्या बाई याच कोसबाडला शिबिराला जाऊन आल्या होत्या. आमच्या पाड्यावरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत त्या एकट्याच शिक्षिका. येताना वाटेत जे सापडेल ते एक घेऊन या, असा त्यांचा रोजचा गृहपाठ. कुणी सागाचं पान आणी, कुणी गुंजा, कुणी सापाची कात. त्या वस्तूवरून दिवस सुरू व्हायचा. सागाच्या पानानं आम्ही वर्गाची लांबी मोजली. प्रत्येकाचं पान वेगळं, म्हणून उत्तरंही वेगळी आली. त्यावरून जे भांडण पेटलं ते मिटवायला बाईंनी फूटपट्टी बाहेर काढली. माप ठरलेलं का असावं लागतं, हे आम्हाला आधी कळलं आणि फूटपट्टी नंतर मिळाली.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. बकऱ्या राखायचा, शाळेत अधूनमधून यायचा आणि आला तरी तोंड उघडायचा नाही. एके दिवशी तो बकरीचं करडूच काखेत घेऊन आला. घरी कुणी नव्हतं, टाकून येणार कुठे? आम्ही हसलो. बाईंनी करडू फळ्यापुढे उभं केलं आणि विचारलं, याला पाय किती? चार, सगळे ओरडलो. नखं किती? सगळे गप्प. तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, "आठ. एका पायाला दोन-दोन." बाईंनी करडाचा पाय उचलून दुभंगलेला खूर सगळ्यांना दाखवला. मग दोन करडांची नखं किती, तीन करडांची किती, असं करत आठाचा पाढा आम्ही त्याच्या मागून म्हटला. वर्गाला शिकवायला त्या दिवशी तो उभा होता. त्यानंतर तो रोज येऊ लागला, बकऱ्या शाळेच्या कुंपणाला बांधून.

आनंददायी शिक्षणाबद्दल आज पुष्कळ बोललं जातं. मुलांना नाचवलं, टोप्या घातल्या, भिंती रंगवल्या की आनंद झाला, असा समज मला दिसतो, आणि तो मला मान्य नाही. मुलाला जे ठाऊक आहे ते वर्गात मोलाचं ठरलं, की त्याला शिकण्यात गोडी वाटते. त्यासाठी शिक्षकाला मुलाचं घर माहीत हवं, बोली कानावर हवी, मुलाकडे बघत बसायला वेळ हवा. वेळ हाच आज तुमच्याकडून सर्वांत जास्त हिरावला जातो. माहित्या भरा, फोटो पाठवा, ॲपवर नोंद करा. अंगणवाडी सेविकांचं तर विचारूच नका. पोषण आहार, वजनं, लसीकरण आणि सर्वेक्षण उरकल्यावर गाणी-गोष्टींना जे उरेल ते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन वर्षांच्या मुलापासूनचं शिक्षण पायाभूत टप्प्यात घेतलं, याचं मी स्वागत करतो. पण हा पाया बांधणाऱ्या बाईचे हात मोकळे करा, असा ठराव या संमेलनानं करावा, अशी माझी स्वागताध्यक्ष म्हणून आग्रहाची विनंती आहे.

आणखी एक. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात, मुलंही सोबत जातात. आमच्याच पट्ट्यात कार्यकर्त्यांनी भट्टीवर भोंगा शाळा चालवून दाखवल्या. मूल जिथे असेल तिथे शाळेनं जायचं, ही ताराबाईंची रीत त्यांनी पुढे नेली. स्थलांतरित मुलांसाठी दुपारी स्वतंत्र चर्चासत्र ठेवलं आहे. भट्टीवर स्वतः शिकवलेले शिक्षक त्यात बोलणार आहेत. जेवणानंतर सुस्ती येते हे मला कळतं, तरी कृपा करून ते चुकवू नका.

उद्या सकाळी सात वाजता कोसबाडला जायला मंडपाच्या मागच्या फाटकातून गाड्या सुटतील. नावं आज संध्याकाळपर्यंत नोंदणी कक्षात द्या. वाटेत जे सापडेल ते एक प्रत्येकानं घेऊन यावं. टेकडीवर पोचल्यावर त्याच वस्तूंवरून पाठ तयार करायचे आहेत, ज्येष्ठ शिक्षकांनीसुद्धा.

 आता मी संमेलनाध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी सूत्रं हाती घ्यावीत.