बदलली ती व्यवस्था

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एका लहानशा गाठीतून वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. ती वेळीच काढली तर रोगच टळतो. पण ही संधी गरिबापर्यंत पोहोचावी कशी? अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याने विमा नसलेल्यांच्या दुर्बिणीच्या तपासणीचा खर्च उचलला, वेळ ठरवून देणाऱ्या, धीर देणाऱ्या परिचारिका नेमल्या आणि कर्करोग निघालाच तर उपचारांचीही सोय केली. २००१ मध्ये पन्नाशीपुढच्या कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्क्यांचीच तपासणी झाली होती; २००९ पर्यंत हे प्रमाण ७४ टक्के, म्हणजे गोऱ्यांइतकेच झाले. लोकच उदासीन असतात, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे: माणसे तीच होती, बदलली ती व्यवस्था. आणि खर्चाचे म्हणाल, तर उपचारांवरची अंदाजित बचत कार्यक्रमाच्या खर्चाहून अधिक भरली.