ताऱ्यांची सरासरी आणि विक्रेत्याची पत
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



नंदुरबारच्या बाजारात मिरची घेणारा जाणकार ढिगावरची लाली पाहून भाव बोलत नाही. तो ढिगात हात घालतो, तळची मिरची वर काढतो, ओलावा किती, रंग उडालेली किती, हे पाहतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा दात पाहतो, घोडा चालवून पाहतो आणि मग हळूच शेजाऱ्याला विचारतो, "हा विकणारा दरवर्षी येतो का?" पुढच्या दत्तजयंतीला ज्याला पुन्हा इथेच तळ द्यायचा आहे, तो लबाडी करणारच नाही असे नव्हे, परंतु त्याला थोडी भीती असते. ह्या भीतीच्या पायावरच व्यापारातली पत उभी असते.

आता आपण घरबसल्या मोबाईलवर माल मागवतो. तिथे ढिगात हात घालता येत नाही, शेजारी विचारायला कोणी नाही. उरतात ते पाच तारे आणि अभिप्राय. विक्रेत्याला गिऱ्हाइकांनी अभिप्राय देण्याची पद्धत अमेरिकेतील ईबे ह्या कंपनीने १९९६ मध्ये सुरू केली. पुढे तिथेच काही अभ्यासकांनी एक प्रयोग केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच प्रतीची जुनी पोस्टकार्डे एका नावाजलेल्या विक्रेत्याच्या नावाने आणि काही नवख्या नावांनी विकली. नावाजलेल्याला सुमारे ८ टक्के जास्त किंमत मिळाली. म्हणजे चांगल्या नावाला रोख मोल आहे. आणि ज्याला मोल आहे त्याची नक्कल होणारच.

मी शिक्षक असल्यामुळे सरासरीचे गणित सांगितल्यावाचून राहवत नाही. शंभर गिऱ्हाइकांनी प्रत्येकी चार तारे दिले, तर सरासरी चार. पंचाहत्तर जणांनी पाच आणि पंचवीस जणांनी एक दिला, तरीही सरासरी चारच! पहिल्या दुकानात सगळे बऱ्यापैकी समाधानी आहेत. दुसऱ्यात दर चौथा माणूस नाराज होऊन परतला आहे. म्हणून वरचा आकडा पाहून थांबू नका. त्याच्यावर बोट ठेवले की पाच, चार, तीन, दोन, एक अशी फोड बहुधा दिसते, ती पाहा. मते देणारे किती, हेही पाहा. बारा जणांचे चार तारे आणि नऊ हजारांचे चार तारे यांना एका तराजूत घालता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि नेमकी तीच सुटते. वस्तूचे तारे वेगळे, विक्रेत्याचे वेगळे. एकाच वस्तूच्या पानावर अनेक विक्रेते असू शकतात. वस्तू नामांकित असते, पण आपल्याला पाठवणारा भलताच असतो. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी हातगाडीच्या कमाईतून तिच्यासाठी टॅब मागवला. पैसे माल आल्यावर दिले, म्हणून निर्धास्त होते. (डबा उघडण्याआधीच पैसे द्यावे लागतात, मग ती कसली हमी?) आत पडद्याला तडा गेलेला वापरलेला टॅब निघाला. पानावर चार तारे होते, पण ते टॅबचे. विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवले तेव्हा कळले, की त्याला मिळालेली जवळजवळ सगळी मते गेल्या तीस दिवसांतली होती. म्हणजे दुकान कालचे. काही ठिकाणी तीस दिवस, नव्वद दिवस, बारा महिने आणि एकूण असे आकडे वेगवेगळे देतात; बारा महिन्यांचा आणि एकूण आकडा एकच असेल, तर विक्रेता वर्षाच्या आतला समजावा. जीएसटी क्रमांक दिलेला असेल, तर शासनाच्या जीएसटी संकेतस्थळावर नोंदणीची तारीखही पाहता येते. नवखा म्हणजे लबाड असे मी म्हणत नाही. मात्र मुलीच्या टॅबसाठी त्याची परीक्षा आपण का घ्यावी?

अभिप्राय वाचताना एक आणि दोन तारेवाल्यांचे आधी वाचावेत, तेही ताजे. कुरिअर उशिरा आले ही तक्रार वेगळी, आणि वेगळीच वस्तू आली, परत घेतली नाही, ही वेगळी. दुसऱ्या जातीच्या तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या की थांबावे. एकाच दोन-तीन दिवसांत आलेली, एकाच साच्याची स्तुती दिसली तरी थांबावे. खोट्या अभिप्रायांचा उपद्रव एवढा वाढला, की भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासाठी मानक काढले. ते तेव्हा ऐच्छिक ठेवले, हे मला अपुरे वाटते.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा क्रमांक गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे. विक्रेत्याने स्वतःच गिऱ्हाईक बनून अभिप्राय लिहिण्यासही मनाई आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हावे, असेही त्यांत आहे. डबा उघडताना मोबाईलवर चित्रण करून ठेवा. दाद लागली नाही, तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे दावा करता येतो. सुरतेच्या विक्रेत्यासाठी अक्कलकुव्याच्या माणसाला सुरत गाठावी लागत नाही.