स्वमग्न मुलांचे हस्ताक्षर : आधी डोळा, मग हात



स्वमग्न मुलाच्या वहीतील वेडीवाकडी अक्षरे पाहून 'हा लक्ष देत नाही' असे सहज म्हटले जाते आणि तेच पान पुन्हा पुन्हा लिहून घेतले जाते. हा त्या मुलावर अन्याय आहे. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या संशोधकांनी 2009 साली स्वमग्न आणि इतर अशा प्रत्येकी 14 मुलांचे हस्ताक्षर तपासले. अक्षरांचे आकारमान व अंतर यांत फारसा फरक नव्हता. वळणात मात्र स्वमग्न मुले मागे होती, आणि त्याचा संबंध हाताच्या हालचालींवरील नियंत्रणाशी आढळला. उणीव इच्छेची नाही, हाताच्या नियंत्रणाची आहे.

यांपैकी अनेक मुलांना ऐकलेल्या सूचनेपेक्षा पाहिलेली गोष्ट लवकर उमगते. म्हणून लेखणीआधी खेळ हवा. पुठ्ठ्याचे उभे दंड, अर्धगोल, तिरक्या रेघा आणि आकड्या कापून द्याव्यात. 'व'च्या पोटात तिरकी रेघ ठेवली की 'ब' होतो, उजवीकडे आकडी जोडली की 'क' होतो, हे मूल स्वतः जुळवून पाहते.

दुसरा खेळ रस्त्याचा. मोठ्या अक्षराच्या आरंभी हिरवा ठिपका, शेवटी लाल ठिपका; त्या वाटेने खेळण्यातील मोटार फिरवायची, मग बोट, मग खडू. आगगाडीचे वेड असणाऱ्या मुलासाठी तीच वाट रूळ होते. तिसऱ्या खेळात शिरोरेषा म्हणजे कपड्यांची दोरी. अक्षरांची कार्डे तिला चिमट्याने टांगायची. अक्षरे रेषेखाली लटकतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.

खेळ थोडा वेळच चालावा, त्याचा क्रम चित्रांनी आधी दाखवावा, गोंगाट व स्पर्धा टाळावी. ठळक अक्षर, मग तुटक रेषा, मग केवळ हिरवा ठिपका, असा आधार हळूहळू कमी करावा.

प्रत्येक मूल सुवाच्य लिहीलच असे नाही. त्याला संगणकाचा कळफलक द्यावा, परीक्षेत लेखनिक मागावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. ही सवलत म्हणजे दया नव्हे. सुंदर अक्षर हा दागिना खराच, पण मनातले कागदावर उतरणे ही गरज आहे. गरज आधी भागवावी. दागिन्यासाठी मुलाला रडवू नये.