मणी, तार आणि घडणावळ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



सराफाच्या पेढीवर मिळणाऱ्या पावतीत मुख्यतः तीन आकडे असतात : वजन, भाव आणि घडणावळ. पहिल्या दोहोंविषयी ग्राहक सहसा वाद घालीत नाही. वजन काट्यावर दिसते, भाव फळ्यावर लिहिलेला असतो. घासाघीस होते ती तिसऱ्या आकड्यावर. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो. ते घडविणाऱ्या हाताविषयी तो काहीच सांगत नाही. समाजातील कितीतरी घराण्यांचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या सराफीचा आहे आणि ग्राहक तर प्रत्येक घरात आहे. तेव्हा घडणावळ नेमकी कशाबद्दल द्यायची, हा विषय या व्यासपीठावर अप्रस्तुत ठरू नये. त्यासाठी हिरे-माणकांचे जडावकाम न घेता अगदी साधा दागिना घेतलेला बरा, म्हणजे मणी आणि तार यांचा. त्यात धातू थोडा आणि हात अधिक असतो.

आरंभ मण्यापासून, खरे तर मण्याच्या भोकापासून करावा लागेल. खंभात म्हटले की श्रावकाला स्तंभन पार्श्वनाथांचे तीर्थ आठवते, शांतिनाथ ज्ञानभांडारातील ताडपत्रे आठवतात. त्याच नगराची दुसरी ओळख अकीकाच्या मण्यांची आहे. भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातील खाणींतून निघालेला दगड तेथे येतो. खाणीतून निघताना तो मळकट, पिवळसर किंवा तपकिरी असतो. त्याला प्रथम दीर्घकाळ ऊन दाखवितात, मग मडक्यांत भरून मंद आचेवर भाजतात. दगडातील लोहाचा अंश या उष्णतेने लाल होतो आणि मळकट गोटा तांबडा अकीक बनतो. आच एकदम वाढली तर दगड तडकतो, म्हणून ही भाजणी घाईने करता येत नाही.

पुढचे काम पाहण्यासारखे आहे. कारागीर जमिनीत तिरपी रोवलेली टोकदार लोखंडी सळई समोर घेऊन बसतो. दगड त्या टोकाला टेकवून धरतो आणि दुसऱ्या हाताने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्यावर आघात करतो. हातोडीचा दांडा बारीक व लवचिक असतो. घाव बसतो एका बाजूस आणि कपची उडते लोखंडी टोकाजवळून. पोलादी हातोडी वापरली असती तर दगडाचा चुरा झाला असता. अशा शेकडो घावांनंतर मण्याचा ओबडधोबड आकार येतो. त्यानंतर घासणी, भोक पाडणे आणि झिलई.

भोक पाडण्याचे पारंपरिक साधन म्हणजे दोरीच्या कमानीने फिरणारा गिरमिट. त्याच्या टोकाशी हिऱ्याच्या दोन सूक्ष्म कणी बसविलेल्या असतात आणि वरून पाण्याचे थेंब पडत राहतात. अर्धे भोक एका बाजूने, अर्धे दुसऱ्या बाजूने पाडतात. दोन्ही मध्यभागी अचूक भेटली पाहिजेत. हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांपाशी हिऱ्याची कणी नव्हती. ते विशिष्ट कठीण दगडाच्या सुयांनी बोटभर लांबीच्या अकीक मण्यांना आरपार भोक पाडीत. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांनी तशाच साधनांनी प्रयोग केले, तेव्हा तासाला सुमारे अडीच मिलिमीटर इतकीच प्रगती होते असे दिसले. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या एका मण्याला चाळीस तास! हे मणी मेसोपोटेमियातील ऊर येथील राजघराण्याच्या दफनांतही सापडले आहेत.

काचेच्या मण्याचे तसे नाही. तिरुपतीजवळच्या पापनायडुपेट येथे वितळलेल्या काचेच्या गोळ्यातून लांब पोकळ नळी ओढतात आणि तिचे तुकडे करतात. भोक आधी असते, मणी मागाहून होतो. मंगळसूत्रातील काळ्या मण्यांचा बारीक, एकसारखा प्रकार अशा काचेच्या कामामुळेच स्वस्तात मिळू लागला.

आता तार. सोन्याची, चांदीची वा तांब्याची कांडी ठोकून बारीक करतात आणि क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढतात. हे जंतरकाम. प्रत्येक ओढीबरोबर तार लांब होते आणि ताठरही होते. ताठरपणा वाढू दिला तर ती तुटते, म्हणून अधूनमधून तापवून तिला मऊ करावे लागते. हीच गोष्ट वेटोळे घालतानाही लागू पडते. एकाच जागी दोन-तीनदा मागेपुढे वाकविलेली तार आज नाही तर वर्षभराने तिथेच मोडणार, हे जाणणारा कारागीर एकाच वळणात काम उरकतो. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि नवशिके येथेच गोंधळतात, कारण गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते.

मणी तारेत अडकविण्याच्या दोन रीती आहेत. पहिली सोपी : तार मण्यातून घालावी, गोल चिमट्याने टोकाला कडी वळवावी आणि उरलेली तार कापून टाकावी. ही कडी ओढ बसली की उघडते. दुसऱ्या रीतीत कडी वळविल्यावर तारेचे टोक तारेच्याच मानेभोवती दोन-तीन वेढे देऊन आवळतात व आत दाबून बसवितात. डाख लागत नाही, विस्तव लागत नाही आणि मणी निसटत नाही. टोक नीट दाबले नाही तर पदराला ओढ बसते. हाताच्या कामाची परीक्षा घ्यायची असेल तर तेथे बोट फिरवून पाहावे.

ही दुसरी रीत हल्लीच्या छंदवर्गांतून शिकवितात, पण ती किती जुनी आहे याचा पुरावा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मोहेंजोदडो येथे १९२० च्या दशकात सापडलेल्या एका हारात हिरवट जेडचे मणी, सोन्याच्या चकत्या आणि पुढे अकीकाच्या जातीची सात लोलके आहेत. सर जॉन मार्शल यांनी केलेल्या वर्णनानुसार ही लोलके सोन्याच्या जाड तारेने टांगलेली असून, तार लोलकातून पार गेल्यावर तिचे टोक तिच्याच भोवती पुन:पुन्हा गुंडाळलेले आहे. चार हजारांहून अधिक वर्षे जमिनीत राहूनही ते वेढे सुटले नाहीत. सुटले ते फाळणीनंतरच्या वाटपात : हा हार भारत व पाकिस्तान यांच्यात विभागला गेला आणि एकाच माळेचे मणी दोन देशांत गेले.

महाराष्ट्रातील नथ हाही मूलतः तारेचा आणि मण्यांचाच दागिना. तिच्यातील मोत्यांना धरून ठेवणारी सोन्याची तार बाहेरून जवळजवळ दिसत नाही. येथे वजन आणि हात यांच्यातील ओढाताण मोठी सूचक आहे. मोती वजनावर विकला जातो, त्यामुळे भोक जितके बारीक तितके वजन कमी घटते आणि विक्रेत्याचे हित साधते. परंतु मग तारही तितकीच बारीक घ्यावी लागते, आणि बारीक तारेवर वेढा घालणाऱ्याचे डोळे व बोटे यांचा कस लागतो. वजन वाचले त्याचा लाभ एकाला, श्रम वाढले ते दुसऱ्याला.

तारेआधी दोरा होता, आणि दोरा म्हणजे पटवेकरी. सराफाने घडविलेले मणी, पेट्या, वाट्या रेशमात गुंफून, गोंडा लावून अंगावर घालण्याजोगे करून देणारा हा कारागीर. दागिना ‘गाठवून घेणे’ हा शब्दप्रयोग त्याच्यामुळे आला आणि गंठण या नावातही ती गाठ शिल्लक आहे. मोत्यांच्या सरात दोन मोत्यांमध्ये एकेक गाठ मारण्याचे कारण केवळ शोभा नव्हे. सर तुटला तर एकच मोती निसटावा आणि मोत्यांनी एकमेकांना घासू नये, ही ती योजना. दोरा मळतो, कुजतो, म्हणून माळ ठरावीक काळाने पुन्हा ओवावी लागते. सोने चार पिढ्या टिकते ते मधल्या काळात कोणीतरी दोरा बदलीत राहिल्यामुळे. पटवेकऱ्यांची दुकाने अनेक गावांतून कमी होत गेली, त्यामुळे आजीची बोरमाळ डब्यात पडून राहते आणि शेवटी मोडीत जाते. मोडीत घडणावळीचे मोल शून्य असते.

दोरा टिकला तर तो अपघातानेच. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० च्या दशकात उत्खनन झाले. तेथे एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या भोकांत दोऱ्याचे अवशेष शिल्लक होते. तांब्याच्या गंजातील क्षार जंतूंना मारक ठरतात, त्यामुळे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो धागा वाचला. परीक्षणात त्यात रेशीम व कापूस यांचे तंतू आढळल्याची नोंद झाली. कोणीतरी आपल्या लेकरासाठी ते मणी एकेक करून ओवले होते.

रेशमाचा उल्लेख झाला की जैन श्रोत्याच्या मनात दुसरा विचार येणे स्वाभाविक आहे. रेशमासाठी कोश उकळतात, मोत्यासाठी शिंपला उघडतात. संवर्धित मोत्यातही शिंपल्यावर शस्त्र चालतेच. म्हणून काही घरांनी मोती, पोवळे, रेशीम यांचा त्याग केला आहे. त्या घरांना दगडाचा मणी, सुती दोरा किंवा धातूची तार हा मार्ग मोकळा आहे. परंतु दगडाचा मणी निर्दोष आहे असे समजून तेथे थांबता येत नाही. खंभातमध्ये अकीक घासताना उडणारी धूळ ही सिलिकाची धूळ. श्वासावाटे ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने या कारागिरांची पाहणी करून हा रोग नोंदविला आहे. घासणीचे चाक पुष्कळदा घरात वा घरालगत असते, त्यामुळे चाकावर न बसणारी माणसेही, स्त्रिया आणि मुलेसुद्धा, त्या धुळीत वावरतात. एकेंद्रिय जीवाचाही विचार करणाऱ्या समाजाने या पंचेंद्रियाच्या श्वासाचा विचार माळ विकत घेताना करावा, अशी अपेक्षा गैर नव्हे.

माळ जुळविण्याच्या कामाचेही थोडे गणित मांडावे. चाळीस मण्यांची, तारेच्या वेढ्यांनी जोडलेली माळ घेतली तर प्रत्येक मण्याला दोन्ही बाजूंस मिळून ऐंशी वेढे होतात. सरावलेल्या हाताला एका वेढ्यास दोन मिनिटे धरली तरी एकशे साठ मिनिटे, म्हणजे पावणेतीन तासांच्या जवळपास वेळ होतो. यात मणी निवडणे, तार कापणे, चुकलेले उलगडणे धरलेले नाही. मुंबईतील मालाड, तसेच राजकोट येथे कृत्रिम दागिन्यांचा मोठा व्यापार आहे आणि त्यातील ओवण्या-जोडण्याचे काम पुष्कळसे घरी बसलेल्या स्त्रिया करतात. मजुरी तासावर नव्हे, नगावर किंवा डझनावर ठरते. डझनाचा दर ठरविणाऱ्याने एकदा स्वतः एक माळ जुळवून घड्याळ पाहिले, तर दराची चर्चा वेगळ्या पातळीवर होईल. समाजातील भगिनींसाठी असे वर्ग चालविणाऱ्यांनीही पक्कड-चिमट्याबरोबर हा हिशेब शिकवावा. वेळ न मोजणारी शिकाऊ मुलगी पहिल्याच प्रदर्शनात तारेच्या किमतीला माळ विकून येते.

खंभातच्या धुळीवर उपाय नाही असे मुळीच नाही. चाकावर पाणी सोडून ओली घासणी केली, धूळ ओढून घेणारा पंखा बसविला आणि चाक राहत्या घरातून हलविले, तर धोका बराच घटतो. या तिन्हींना खर्च आहे आणि तो मण्यामागे थोडा-थोडा वाढतो. घाऊक माळा उचलणारे अनेक व्यापारी आपल्याच ओळखीतले आहेत. मालाची मागणी नोंदविताना घासणी ओली की कोरडी, हा प्रश्न त्यांनी विचारावा, आणि ओल्या घासणीच्या मण्याला चार पैसे जास्त पडत असतील तर ते घडणावळीत मोकळेपणाने लिहावेत.